घरातल्या कचऱ्याचा हिशेब: सोळा आठवड्यांच्या प्रकल्प नोंदी

6 जानेवारी

आवाका ठरवला. घर चार माणसांचं. पहिला आठवडा काहीही बदलायचं नाही, फक्त मोजायचं. साधनं: पाच किलोपर्यंत मोजणारा, पाच ग्रॅमचा फरक दाखवणारा स्वयंपाकघरातला वजनकाटा, सात पिशव्या, भिंतीवर लावलेला एक तक्ता आणि त्याला दोरीने बांधलेलं पेन. पेन बांधलेलं नसलं की तक्ता चौथ्या दिवशी कोरा राहतो.

गट सात: ओला कचरा, कागद-पुठ्ठा, प्लास्टिक, काच, धातू, घातक आणि स्वच्छतेचा कचरा (सॅनिटरी पॅड, डायपर, औषधं, सेल), उरलेलं इतर. वजन रोज रात्री एकाच वेळी करायचं. ओला कचरा सकाळपर्यंत ठेवला तर पाणी निथळून आकडा बदलतो, म्हणून वेळ पाळायची.

13 जानेवारी

सात दिवसांची बेरीज, किलोमध्ये: ओला 7.4, कागद-पुठ्ठा 1.6, प्लास्टिक 0.9, काच 0.8, धातू 0.3, घातक व स्वच्छतेचा 0.5, इतर 0.4. एकूण 11.9.

वजनात ओला कचरा बासष्ट टक्के. डोळ्यांना मात्र उलटं दिसतं: 0.9 किलो प्लास्टिकने 40 लिटरची पिशवी भरली आणि 7.4 किलो ओला कचरा रोज एका लहान डब्यात मावत होता. त्यामुळे "घरात प्लास्टिकच फार" असं वाटत राहतं. जागा प्लास्टिक खातं आणि ओझं ओल्या कचऱ्याचं असतं; दोन्हींचा इलाज वेगळा.

14 जानेवारी

ओल्या कचऱ्यात पाणी किती, हे तपासलं. 500 ग्रॅम देठं-साली बारीक चिरून पसरट ताटात घेतल्या, ओव्हन 105 अंशांवर ठेवला आणि लागोपाठ दोन वजनं सारखी येईपर्यंत सुकवल्या. उरले 110 ग्रॅम. म्हणजे पाणी 78 टक्के. आठवड्याच्या 7.4 किलोमध्ये खरा माल जेमतेम 1.6 किलो, बाकी पाणी. मिश्र पिशवीतून आपण मुख्यतः पाणी गाडीवर चढवतो, आणि तेच पाणी वाटेत कागद भिजवून निकामी करतं.

पुढची सगळी मांडणी या आकड्यावर केली.

16 जानेवारी

डब्यांची जागा. ओल्या कचऱ्याला स्वयंपाकाच्या ओट्यावर झाकणाचा 5 लिटरचा डबा, आत पिशवी नाही, तळाला वर्तमानपत्राची एक घडी. पिशवी घातली की डबा धुवायचं टळतं, पण ती शेवटी खतात जाऊन बसते. "विघटनशील" छाप असलेल्या पिशव्यांपैकी बऱ्याचशा फक्त औद्योगिक खत प्रकल्पाच्या सुमारे 60 अंशांच्या उष्णतेत मोडतात, घरच्या पिंपात महिनोन् महिने तशाच राहतात.

सुक्या कचऱ्याला एकच मोठी जाळीची पिशवी, वाऱ्याच्या जागी टांगलेली. सुरुवातीला कागद, प्लास्टिक, काच, धातू असे चार डबे मांडायचा बेत होता, तो रद्द केला. रोज चार झाकणं उघडायचा कंटाळा येतो आणि महिन्याभरात सगळं पहिल्याच डब्यात पडायला लागतं. रोज फक्त ओलं, सुकं आणि घातक असे तीन भाग करायचे. सुक्याची बारीक निवड आठवड्यातून एकदा, वीस मिनिटं. घातक कचऱ्याला घट्ट झाकणाची बरणी, मुलांच्या हाताबाहेर.

19 जानेवारी

ओला कचरा घरीच कुजवून खत करायला पिंपं तयार केली. 60 लिटरची झाकणाची दोन प्लास्टिक पिंपं. तळाला 8 मिमीची वीस भोकं, बाजूला 10 सेमी अंतराने भोकांच्या चार ओळी, सगळ्यात खालची ओळ तळापासून 5 सेमी वर. आधी 3 मिमीच्या बिटने भोक पाडून मग 8 मिमीचा बिट लावायचा, ड्रिलचा वेग कमी, पलीकडून लाकडाचा ठोकळा दाबून धरलेला. थेट मोठा बिट जोरात लावला तर पिंपाला तडा जातो, आणि तो भोकापासून भोकापर्यंत पळतो.

बाजूच्या भोकांवर आतून एक मिलिमीटरची जाळी चिकटवली, माश्या अडवण्यासाठी. पिंप चार विटांवर, खाली पसरट ताट. तळाशी 5 सेमी जाड काड्यांचा थर. बारीक पाला तळाशी कधी टाकू नये, तो चिखल होऊन भोकं बुजवतो.

20 जानेवारी

मिश्रणाचं गणित. कंपोस्टच्या जिवाणूंना कर्ब:नत्र (कार्बन:नायट्रोजन) गुणोत्तर 25 ते 30 ला 1 लागतं आणि ओलावा 50 ते 60 टक्के. स्वयंपाकघरातल्या कचऱ्याचं गुणोत्तर 18 च्या आसपास धरलं, सुक्या पाल्याचं 60.

1 किलो ओल्या कचऱ्यात कोरडा भाग 220 ग्रॅम. त्यात कर्ब साधारण 99 ग्रॅम, नत्र 5.5 ग्रॅम. गुणोत्तर 28 वर आणायला पाला 240 ग्रॅम पुरतो. पण एवढ्याने ओलावा 65 टक्के राहतो. तो 60 वर आणायला पाला लागतो 360 ग्रॅम. नत्राच्या हिशेबापेक्षा पाण्याचा हिशेब दीडपट कोरडा माल मागतो, आणि शेवटी तोच पाळावा लागतो. 360 ग्रॅम घातल्यावर गुणोत्तर 31-32 होतं. चालतं, काम किंचित हळू होतं एवढंच.

"हिरवं आणि तपकिरी समसमान" हा सल्ला जिथे तिथे मिळतो. तो वजनाने की मापाने हे सहसा सांगितलेलं नसतं. चुरलेला पाला लिटरला साधारण 100 ग्रॅम भरतो, चिरलेला ओला कचरा साधारण 500 ग्रॅम. म्हणजे मापाने एक वाटी ओल्याला पावणेदोन ते दोन वाट्या पाला. तक्त्यावर लिहिलं: एकास दोन, मापाने. पाल्याऐवजी निव्वळ पुठ्ठा वापरला तर ओलावा जागेवर येतो, पण पुठ्ठ्यात नत्र जवळजवळ नसल्याने गुणोत्तर 40 च्या पुढे जातं आणि ढीग थंड पडतो. पुठ्ठा कोरड्या मालाच्या एक चतुर्थांशाहून जास्त नको.

पहिला भरणा: काड्यांवर चार लिटर पाला, दोन लिटर जुनं खत, त्यावर दिवसाचा कचरा दोन-तीन सेंटिमीटरचे तुकडे करून, वर पुन्हा पाला. विकतचं कल्चर (जिवाणूंचं विरजण) घातलं नाही. लागणारे जिवाणू सालींवर आणि पाल्यावर असतातच. जुन्या खताने फक्त सुरुवातीचे चार-पाच दिवस वाचतात.

24 जानेवारी

मध्यभागी लांब दांड्याचा थर्मामीटर खुपसला: 44 अंश. ढीग चालू झाला. हा लहान पिंपाचा आकडा आहे. 55 ते 65 अंश तापून रोगजंतू मरायला साधारण एक घनमीटरचा ढीग लागतो. 60 लिटरमधली उष्णता कडेने निसटून जाते. म्हणून यात मांस, मासे, हाडं, पाळीव प्राण्यांची विष्ठा, कीड लागलेली झाडं घालायची नाहीत. हाडं वेगळी बांधून गाडीला.

29 जानेवारी

वास आला. सडक्या अंड्यासारखा, तळाकडून जास्त. खालच्या ताटात 400 मिलि काळं पाणी. पिंपातला मूठभर माल पिळला तर धार लागली. मूठ पिळून एक-दोन थेंब यावेत आणि हात ओलसर व्हावा, तो वाफसा. धार म्हणजे सत्तर टक्क्यांच्या वर.

पिंप ताडपत्रीवर उलटं केलं. कारणं तीन सापडली. एक, उरलेलं पातळ अन्न न निथळता ओतलं होतं. दोन, पाला न चुरता अख्खी पानं घातली होती. रुंद पानं ओली झाली की वहीच्या कागदांसारखी एकावर एक चिकटतात आणि हवेला वाटच राहत नाही. तीन, तळाच्या वीसपैकी अकरा भोकं बुजलेली.

प्राणवायू पाण्यातून हवेपेक्षा सुमारे दहा हजार पट हळू पसरतो. कणांमधल्या फटींत पाणी भरलं की हवेवर जगणारे जिवाणू थांबतात आणि बिनहवेचे ताबा घेतात. त्यांच्या कामातून हायड्रोजन सल्फाइड, आंबूस आम्लं आणि मिथेन निघतो. कचरा डेपोच्या ढिगात हेच मोठ्या प्रमाणावर चाललेलं असतं, आणि शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेन हा कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 28 पट उष्णता धरतो. ओला कचरा घरीच हवेत कुजवण्याचा सगळ्यात मोठा फायदा हा आहे. खत हा वरचा नफा.

दुरुस्ती: 700 ग्रॅम पुठ्ठ्याचे बोटभर तुकडे आणि 800 ग्रॅम चुरलेला पाला मिसळला, भोकं तारेने मोकळी केली, ताज्या काड्यांचा थर देऊन परत भरलं. पातळ अन्नासाठी डब्याच्या तोंडावर जुनी चाळण ठेवली, दहा मिनिटं निथळल्याशिवाय पिंपात जायचं नाही. पाला एकदम पोत्यात भरून पायाने तुडवून ठेवला, चुरा आयता मिळतो.

ताटातलं काळं पाणी कुंड्यांना "द्रवखत" म्हणून देतात. ते पक्कं कुजलेलं नसतं आणि त्यात क्षार व आम्लं असतात, कोवळी मुळं जळतात. ते कोरड्या पाल्यावर ओतून पिंपातच परत घातलं.

31 जानेवारी

वास गेला. तापमान 46.

3 फेब्रुवारी

झाकण उघडलं की चिलटांचा थवा. 25 अंशांच्या आसपास फळमाशीचं अंड्यापासून माशीपर्यंतचं चक्र आठ-दहा दिवसांत पुरं होतं. आज दिसताहेत त्यांची अंडी 20-25 जानेवारीला सालींवरून घरात आलेली. म्हणजे माश्या मारून उपयोग नाही, चक्र तोडायचं. फळांच्या साली रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवून मग घालायला सुरुवात केली, वरचा पाल्याचा थर 2 वरून 5 सेमी केला आणि ओट्यावरचा डबा एक दिवसाआड नव्हे तर रोज रिकामा.

त्याबरोबर मोठ्या, चपट्या, करड्या अळ्याही दिसल्या. या काळ्या सैनिक माशीच्या. उपद्रवी नाहीत, झपाट्याने कचरा फस्त करतात. त्यांची प्रौढ माशी अन्नावर घोंघावत नाही. पण त्या वाढल्या याचा अर्थ ओलावा आणि अन्न दोन्ही जास्त आहे. इलाज तोच, पाला.

8 फेब्रुवारी

सुक्या कचऱ्याची पहिली निवड. प्लास्टिकला वेळ लागला.

त्रिकोणातले 1 ते 7 हे आकडे 1988 मध्ये अमेरिकेच्या प्लास्टिक उद्योग संघटनेने आणले. ते फक्त जात सांगतात: 1 पेट, 2 एचडीपीई, 3 पीव्हीसी, 4 एलडीपीई, 5 पॉलिप्रॉपिलिन, 6 पॉलिस्टायरीन, 7 बाकी सगळं. त्रिकोण दिसला म्हणजे वस्तू पुनर्वापरात जाते असं नाही. हा गैरसमज इतका पसरला की 2013 मध्ये फिरत्या बाणांच्या जागी साधा भरीव त्रिकोण घालण्याचा बदल मानकात झाला. जुने साचे मात्र अजून चालू आहेत.

आकडा नसलेल्या तुकड्यांसाठी पाण्याची चाचणी. नखाएवढा तुकडा कापायचा, पाण्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब टाकायचा (नाहीतर बुडणारा तुकडासुद्धा पृष्ठताणावर तरंगत राहतो), तुकडा बोटाने दाबून बुडबुडे काढायचे आणि सोडायचा. पॉलिप्रॉपिलिन 0.90, एलडीपीई 0.92, एचडीपीई 0.95 घनतेचे, ते वर येतात. पॉलिस्टायरीन 1.05, पेट 1.38 आणि पीव्हीसी त्याच्याच आसपास, हे तळाला जातात. फसवणाऱ्या गोष्टी दोन: फुगवलेलं थर्माकोल पॉलिस्टायरीन असूनही तरंगतं, आणि खडूची भुकटी भरलेलं पॉलिप्रॉपिलिन बुडतं. जाळून वास घेण्याची चाचणी करू नये. पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो.

पेट आणि पीव्हीसी दोन्ही बुडतात, इथेच कारखान्यांचं दुखणं आहे. पेट 250 ते 260 अंशांना वितळतं, त्याआधीच पीव्हीसी करपून आम्ल सोडतं आणि ते पेटच्या साखळ्या तोडतं. थोडंसं पीव्हीसीसुद्धा अख्खा घाणा पिवळा करतं. बाटलीभोवती घट्ट बसवलेलं पारदर्शक वेष्टन बहुधा वेगळ्याच प्लास्टिकचं असतं, म्हणून ते सुरीने चिरून काढून टाकायचं. झाकण मात्र ठेवलं तरी चालतं: ते पॉलिप्रॉपिलिन किंवा एचडीपीईचं असतं, बाटली पेटची, आणि कारखान्यात भुगा पाण्यात टाकला की दोन्ही आपोआप वेगळे होतात. सुटं झाकण घरंगळून हरवतं. बाटली रिकामी करून, चपटी दाबून, झाकण लावलं.

चुरगळण्याची चाचणी चकचकीत वेष्टनांना: मुठीत चुरगळलं आणि तसंच राहिलं तर ॲल्युमिनियमची फॉइल, फुलून परत उघडलं तर धातूचा मुलामा दिलेलं प्लास्टिक. दुसऱ्या प्रकारात वेगवेगळे थर चिकटवलेले असतात आणि ते सुटे करणं परवडत नाही. ते "इतर"मध्ये. आतापर्यंत ते प्लास्टिकमध्ये मोजलं जात होतं, म्हणजे 13 जानेवारीचा 0.9 किलोचा आकडा फुगलेला होता.

10 फेब्रुवारी

धुण्याबद्दल ठरवलं. डबा चकचकीत करायचा नाही. भांडी घासून झाल्यावरचं पाणी 100 मिलि, झाकण लावून पाच वेळा हलवायचं, ओतायचं, पालथा घालून वाळू द्यायचा. अन्नाचा अंश काढायचा आहे, डाग नाही. वाळवणं धुण्याहून महत्त्वाचं. न वाळलेला एक डबा पिशवीतला सगळा कागद दमट करतो.

17 फेब्रुवारी

पहिलं पिंप काठापर्यंत भरलं. चार आठवड्यांत आत गेलं 29.5 किलो ओलं आणि सुमारे 11 किलो कोरडं. आता दुसरं पिंप सुरू.

इथे मांडणीतली चूक लक्षात आली. भरायला चार आठवडे आणि पिकायला आठ. दुसरं पिंप 17 मार्चला भरेल तेव्हा पहिलं निम्मंच पिकलेलं असेल. पिंपं दोन नव्हे, तीन हवीत. तिसरं 17 मार्चच्या आत तयार ठेवायचं. जागा एवढी नसेल तर दोन पिंपांवर भागवता येतं, पण मग अर्धकच्चा माल पोत्यात काढून पिकवावा लागतो.

पहिल्या पिंपाचा माल उलटापालट करून परत भरला. असं आणखी दोनदा, आठवड्याच्या अंतराने, मग हात लावायचा नाही.

22 फेब्रुवारी

कागद. लगद्याचा तंतू साधारण पाच ते सात वेळा पुन्हा वापरता येतो, दरवेळी थोडा आखूड होतो; नंतर तो चाळणीतून निसटून जातो. म्हणूनच श्रेडरमधला कागदाचा चुरा रद्दीत नको: तंतू आधीच कापलेले आहेत. तो पिंपात, तिथे उत्तम काम देतो.

तेलकट खोकं असेल तर डाग पडलेला भाग फाडून पिंपात आणि कोरडा भाग रद्दीत. तेल लगद्यात पाण्यापासून वेगळं राहतं आणि नव्या कागदावर ठिपके व भोकं पाडतं. खरेदीची गुळगुळीत पावती नखाने ओरखडली आणि काळी रेघ उठली की ती थर्मल कागदाची. तिच्यावर बिस्फेनॉल गटातली रसायनं असू शकतात. ती रद्दीत नाही आणि खतात तर अजिबात नाही. कागदी पेल्याला आतून पॉलिथिलीनचा पापुद्रा असतो. फाडून पाहिलं की कडेला तो ताणलेला दिसतो. पुठ्ठ्यावरची चिकटपट्टी जमेल तेवढी काढायची. पिना राहिल्या तरी कारखान्यात चुंबकाने आणि चाळणीने निघतात.

27 फेब्रुवारी

धातू आणि काच, काम सोपं. चुंबक चिकटला तर पोलाद, नाही चिकटला आणि हलका असेल तर बहुधा ॲल्युमिनियम. ॲल्युमिनियम खनिजापासून काढायला वीज फार लागते, भंगार मात्र 660 अंशांना वितळतं. पुनर्वापरात सुमारे 95 टक्के ऊर्जा वाचते. सुक्या कचऱ्यात एवढा फायदा दुसरा कुठला पदार्थ देत नाही, म्हणून तो पाव ग्रॅमही सोडू नये. फॉइलचे तुकडे आणि झाकणं सुटी दिली तर निवडीच्या पट्ट्यावरून खाली गळतात. ती एकत्र दाबत मुठीएवढा गोळा होईपर्यंत साठवायची.

काचेत बाटल्या-बरण्या एका बाजूला, बाकी सगळं दुसऱ्या. उष्णता सोसणारी काच, चिनीमातीचा कप, आरसा हे बाटलीच्या काचेत गेले तर भट्टीच्या सुमारे 1500 अंशांतही नीट विरघळत नाहीत, खडा राहतो आणि नव्या बाटलीला तिथेच तडा जातो. बाटल्यांच्या भट्टीत दर दहा टक्के फुटकी काच घातली की ऊर्जा अडीच-तीन टक्क्यांनी कमी लागते. फुटलेली काच पुठ्ठ्यात गुंडाळून, वर ठळक लिहून. उचलणाऱ्याचे हात उघडे असतात.

4 मार्च

घातक बरणी उघडून निवड. लिथियम सेलच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावली. दोन सेलची टोकं किल्लीसारख्या एखाद्या धातूच्या तुकड्याने जोडली गेली तरी आग लागू शकते. फुगलेला मोबाइलचा सेल दाबायचा, टोचायचा किंवा साठवायचा नाही. वाळूच्या डब्यात ठेवून लवकरात लवकर संकलन केंद्रात.

सीएफएल दिव्यात काही मिलिग्रॅम पारा असतो. फुटला तर खिडक्या उघडून खोली दहा-पंधरा मिनिटं सोडायची, झाडू किंवा व्हॅक्यूम लावायचा नाही (पारा हवेत उडतो), जाड पुठ्ठ्याने तुकडे गोळा करायचे, उरलेला चुरा चिकटपट्टीने उचलायचा, सगळं काचेच्या बरणीत बंद. सॅनिटरी पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून, खूण करून, वेगळे.

वापरलेलं तेल मोरीत नाही. थंड झाल्यावर गाळून बाटलीत साठवलं. त्यापासून बायोडिझेल आणि साबण होतो.

11 मार्च

पहिल्या पिंपात मुंग्या. यावेळी उलटा दोष: मुंग्या कोरड्या मालात घर करतात. मूठ पिळली तर माल भुरभुरत सुटला, कडेचा 6-7 सेमी भाग पांढुरका आणि जसाच्या तसा. ओलावा 40 टक्क्यांच्या खाली गेला की कुजणं थांबतं, आणि माल न बदलता नुसता पडून राहतो; लोक समजतात खत तयार झालं. दीड लिटर पाणी झारीने घालत घालत माल उलटला. एकदम ओतलं तर पाणी कोरड्या पाल्यावरून घसरून थेट ताटात येतं.

17 मार्च

दुसरं पिंप भरलं, तिसरं सुरू. तिसऱ्याला बाजूची भोकं एक ओळ कमी ठेवली, कडा जास्त वाळतात म्हणून.

25 मार्च

साठवलेला सुका माल भंगारात दिला. पुठ्ठ्याचा एक गठ्ठा परत आला: मधल्या थरात बुरशी, कुबट वास. तपासलं तर त्यातल्या एका खोक्यात न वाळवलेली बरणी ठेवलेली होती, आणि गठ्ठा भिंतीला टेकवून जमिनीवर. ओला कागद घेणारा दोन कारणांनी नाकारतो: पाणी वजनात मोजलं जातं, आणि बुरशीने तंतू तुटतात. परत आलेला गठ्ठा फाडून पिंपांच्या कोरड्या साठ्यात घातला. यापुढे पुठ्ठा लाकडी फळीवर, भिंतीपासून हातभर लांब.

14 एप्रिल

पहिलं पिंप रिकामं केलं. भरलं होतं साधारण 40 किलो, निघालं 13.5. कुठे गेलं? पाणी वाफ होऊन, आणि कोरड्या भागातला जवळजवळ अर्धा कर्ब जिवाणूंच्या श्वासातून कार्बन डायऑक्साइड होऊन. 10 मिमीच्या जाळीतून चाळलं: खाली 11 किलो, वर 2.5 किलो काड्या, कवचं, कोयी. वरचा चाळ पुढच्या पिंपाला विरजण म्हणून ठेवला. अंड्याची टरफलं जवळजवळ जशीच्या तशी निघाली. ती कॅल्शियम कार्बोनेट आहेत, कुजत नाहीत, पूड करून घातली तरच मातीत मिसळतात. एका फळावरचं चिकटपत्रही सापडलं, शाबूत.

पिकल्याच्या तीन चाचण्या लावल्या. उलटल्यावर दोन दिवस तापमान चढलं नाही. ओलसर खत झाकण बंद बरणीत तीन दिवस ठेवून उघडलं, मातीचा वास, आंबूस नाही. तिसरी बियांची: एका ताटलीत खत आणि माती निम्मी-निम्मी, दुसरीत नुसती माती, दोन्हींत झटपट उगवणाऱ्या वीस-वीस बिया. कच्चं खत असलं तर त्यातली आम्लं आणि अमोनिया उगवण मारतात. निकाल आठवड्याने.

21 एप्रिल

मातीत 18 उगवल्या, खताच्या ताटलीत 17. फरक धरण्यासारखा नाही. खत वापरायला मोकळं; कुंडीच्या मातीत चौथ्या हिश्श्यापेक्षा जास्त नको, क्षार वाढतात.

27 एप्रिल

20 ते 26 एप्रिल पुन्हा मोजणी, किलोमध्ये: ओला 6.8, कागद-पुठ्ठा 1.5, प्लास्टिक 0.7, काच 0.8, धातू 0.3, घातक व स्वच्छतेचा 0.5, इतर 0.6. एकूण 11.2.

कचरा फारसा कमी झालेला नाही, हे तसंच लिहून ठेवावं. ओल्यात 0.6 किलोची घट आली ती उरलेल्या अन्नाचं वजन तक्त्यावर दिसायला लागल्यामुळे. "इतर" वाढलं, कारण मुलाम्याची वेष्टनं आता योग्य रकान्यात मोजली जातात. बदललं ते गाडीत काय जातं: 11.9 किलोच्या जागी घातक-स्वच्छतेचं 0.5, इतर 0.6 आणि हाडं-मांसाचं 0.4, मिळून 1.5 किलो.

बाकी कामं: दुसऱ्या पिंपाची उलटापालट संपली आहे, 12 मेला चाळायचं. तिसऱ्याच्या झाकणाची जाळी एका कोपऱ्यात सुटली आहे. पाल्याची पोती दोनच उरलीत, आठवड्याला 2.7 किलो लागतो, त्या हिशेबाने तीन आठवडे पुरतील.